नागनाथ मामा आणि तळ्याचा माळ

हिवरगव्हाणात नागनाथ वाव्हळ्यांना सगळं गाव मामा म्हणतं. आधी त्यांच्या बहिणीची लेकरं तेवढी म्हणायची. गावाला ती सवय कधी लागली, कुणाला सांगता येत नाही. बोरीच्या पुढं आत वळलं की तीन किलोमीटरवर हे गाव. मामा एकतीस वर्षं जिंतूरला मोजणी खात्यात शिपाई होते. शिपाई म्हणजे चहा आणणारे नव्हेत, साखळी ओढणारे. साहेब झाडाखाली टेबल मांडून कागदावर रेघा मारायचे आणि मामा लोखंडी साखळीचं टोक धरून काट्याकुट्यातून, ज्वारीच्या ताटांतून, ओढ्याच्या चिखलातून नाकासमोर चालत जायचे. साखळी सरळ गेली पाहिजे, मग मध्ये बाभूळ येवो नाहीतर कुणाचं भुंकणारं कुत्रं.

एकदा दोघा भावांच्या वाटणीच्या मोजणीत त्यांच्यातल्या धाकट्यानं मामांच्या कानाशी येऊन सांगितलं होतं, "मामा, हातभर तिकडं सरकू द्या, तुरीचं पोतं घरपोच करतो."

मामा म्हणाले होते, "ही लोखंडाची हाय बाबा. ताणली तर तुटंल, वाढायची न्हाई."

हा किस्सा मामा स्वतः कधी सांगत नसत. सुलाबाई, त्यांची बायको, सांगायच्या. बचत गटाच्या बैठकीत, नात्यातल्या लग्नात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. सांगून झाल्यावर पदर सावरून अशा काही बसायच्या, की ते पोतं जणू त्यांनीच नाकारलं होतं.

जिंतूरला त्या दोघांनी आणि मुलगी सुकेशनीनं एका खोलीत अठ्ठावीस वर्षं काढली. खोलीला एक खिडकी होती, ती शेजाऱ्याच्या भिंतीत उघडायची. मामा निवृत्त झाले तेव्हा सुकेशनी परभणीला नर्स म्हणून लागलेली होती, लग्नही झालं होतं. गावी परतताना सुलाबाईंनी नवऱ्याकडं एकच गोष्ट मागितली. "घर कसंबी बांधा. बसल्या जाग्यावरून पाणी दिसलं पाहिजे."

वाव्हळ्यांची वडिलोपार्जित जागा गावाच्या कडेला होती, तळ्याकडं तोंड करून. तिथं मामांनी दोन खोल्या बांधल्या आणि पुढं शहाबादी फरशीचा लांबरुंद ओटा. सुलाबाई त्या ओट्यावर मटकी निवडत, लसूण सोलत, भाचरवंडांच्या उवा काढत आणि मध्येच हात थांबवून पाण्याकडं बघत राहत.

तळं निजामाच्या राज्यातलं, कुठल्याशा दुष्काळी कामात खोदलेलं. त्याच्या पूर्वेला अठरा एकर गायरान, त्याला गाव तळ्याचा माळ म्हणतं. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की माळ आणखी मोठा होतो आणि काठाला हिरवं लुसलुशीत गवत येतं. तिथं गावाची जनावरं चरतात. पोळ्याला बैल तिथंच धुतले जातात. हिवाळ्यात कुठून कुठून पक्षी येतात: चक्रवाक, थापट्या, लाल पायांचे शेकाटे. शाळेचे गोपाळ सर पोरांना घेऊन ते मोजतात आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतात. मामांचा आजा या तळ्याच्या खालच्या अंगाला, सांडव्याजवळ पाणी भरायचा. वरच्या घाटावर त्यांच्या जातीला मज्जाव होता. माळावर मात्र तेव्हाही कुणी कुणाला हटकत नसे. शेळी कुणाची, गुराखी कुणाच्या घरचा, हे गवताला कोण विचारणार? मामा आणि पाटलांचा बन्सीधर त्याच माळावरून, कमरेला वाळका भोपळा बांधून, एकाच दिवशी पोहायला शिकले होते.

मामांना निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं करमलं नाही. मोजायला काही नव्हतं. मग एके दिवशी प्रियांका आली. ती आणि गावातल्या आणखी सहा मुली पोलीस भरतीसाठी पहाटे माळावर पळायच्या.

"मामा, आमाला आठशे मीटर पाहिजेत. अंदाजानं पळायलोय, येळ कळंना."

मामांचा चेहरा असा उजळला, की प्रियांकाला वाटलं आपण नकळत त्यांना काही बक्षीस दिलं. जिंतूरहून येताना आणलेला जुना फीत-टेप त्यांनी ट्रंकेतून काढला. दोन सकाळी लागल्या. मामांनी माळावर चुन्याच्या फक्कीनं वळणावळणाचा ट्रॅक आखून दिला; दर शंभर मीटरवर पांढरा दगड. पहिल्या दिवशी पोरी पळाल्या तेव्हा मामा घड्याळ धरून उभे होते. त्यानंतर रोजच उभे राहायला लागले. राजनंदिनी नावाची एक मुलगी दर वेळी सहाशेच्या दगडाशी थांबून खोकायची. तिच्यासाठी मामा तिथपर्यंत चालत जायचे आणि म्हणायचे, "पोरी, संपलंच की. आता काय, नुसतं दोनशे." नुसतं दोनशे म्हणताना त्यांना स्वतःलाच धाप लागलेली असायची.

त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला मुली पळायला गेल्या तर चारशेच्या दगडापुढं सिमेंटचे खांब उभे. एका रांगेत चाळीस-पन्नास. दोन माणसं तार ताणत होती. तारेच्या पलीकडं अर्धा ट्रॅक, पाण्याकडं जाणारी गुरांची वाट आणि ओळीनं उभी असलेली बोरीची काटेरी झाडं. रस्त्याच्या बाजूला फलक लागला होता, त्यावर निळ्याशार तळ्याचं चित्र, तळ्यात होडी आणि होडीत हॅट घातलेला माणूस. खाली मोठ्या अक्षरात 'लेक व्ह्यू सिटी'.

माळाला लागून बन्सीधरची अकरा एकर जमीन होती, ती त्यानं विकली होती. परभणीची एक प्लॉटिंगवाली मंडळी. बन्सीधरचे दोन्ही मुलगे पुण्यात, गुडघे गेलेले, सालगडी मिळेना. त्यानं विकली यात कुणाला काही बोलायला जागा नव्हती. पण खांब त्याच्या बांधावर नव्हते, बांध ओलांडून पाण्याकडं पार आत आले होते.

कामावर परमेश्वर नावाचा तरुण होता. शर्ट खोचलेला, बोलणं गोड. मामांनी नकाशा मागितला तर त्यानं लगेच फायलीतून काढून दाखवला. रंगीत होता.

मामांनी तो उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला. "ह्याच्यावर खात्याचा शिक्का न्हाई."

"काका, खाजगी मोजणी आहे. इंजिनिअरकडून केलेली."

"सुरुवात कुठून केली?"

परमेश्वरनं बोट ठेवलं. "ही पुलाजवळची निशाणी."

मामा नकाशाकडं बघून नुसते हसले. पुलाजवळचा दगड रस्ता रुंद करताना जेसीबीनं उचलून बाजूला टाकला होता. तो दगड बाहेरगावचा माणूस खरा मानणारच. "बाबा, हा दगड चालत चालत तिथं आलाय. खरा दगड तीन शिवांचा. तीन गावांच्या शिवा जिथं मिळत्यात तिथला. चौऱ्याण्णव साली मी सोता तिथून साखळी धरली होती."

"मग दाखवा की कुठं आहे," परमेश्वर म्हणाला. तो खरोखरच कुतूहलानं म्हणाला, पण मामांना दाखवता येईना. तीन वर्षांपूर्वी तळ्यातला गाळ काढला तेव्हा माळाच्या टोकाला ढिगाऱ्यांवर ढिगारे टाकले होते. दगड त्याखाली कुठंतरी होता.

गोपाळ सरांनी चौकशी केली. ग्रामपंचायतीनं ठराव करून सरकारी मोजणी मागवायची, हा रस्ता होता. सरपंच म्हणाले, ठरावाचं बघू, पण नुसत्या तोंडी गोष्टीवर मोजणीवाले काय करतील? खूण तरी दाखवा. झालं. दुसऱ्या दिवसापासून पळून झाल्यावर मुली खोरी घेऊन ढिगाऱ्यावर यायला लागल्या. गोपाळ सर, दोन-चार गुराखी, बचत गटाच्या बाया. त्यांनी स्वतःला काही नाव घेतलं नाही. गावानं 'खड्डेवाले' ठेवलं.

मामांनी जागा पावलांनी काढली. पडक्या विहिरीवरच्या, मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्यापासून सांडव्याच्या भिंतीकडं तोंड करून चारशे सत्तर पावलं. त्यांचं पाऊल अडीच फुटाचं, खात्यात प्रसिद्ध. आठ दिवस तिथं खणलं. एक फुटका रांजण, बैलाच्या गळ्यातली गंजलेली घंटा आणि गाळ, गाळ, गाळ. नवव्या दिवशी निम्मी माणसं आली नाहीत.

दगडाबाई म्हणून गावातली ऐंशीच्या घरातली म्हातारी होती, रोज शेळ्या घेऊन माळावर यायची. ती खड्ड्याच्या काठाशी काठी टेकून उभी राहिली. "काहून खणायलात रे इथं?"

"तीन शिवांचा दगड हाय आजी," प्रियांका म्हणाली.

"इथं कुठं? त्यो तिकडं." म्हातारीनं काठीनं साठेक हात पुढं दाखवलं. "गवताचा भारा घिऊन आले की त्या दगडावर टेकवायची मी. तिथून मारुतीचं शिखर न् पिंपळाचा शेंडा एका रेघंत दिसायचा."

मामा म्हणाले, "मावशी, माझं पाऊल चुकायचं न्हाई."

"तुझं पाऊल तरण्याताठ्या माणसाचं व्हतं नागनाथा. आता गुडघं बघ की," म्हातारी म्हणाली आणि शेळीमागं निघून गेली.

मामा खाली बसले. थोड्या वेळानं त्यांनी प्रियांकाला टेप धरायला लावला आणि स्वतः दहा पावलं चालून दाखवली. पंचवीस फूट भरायला हवे होते. तेवीस भरले. त्यांनी पुन्हा चालून बघितलं. पुन्हा तेवीसच. मग ते खोरं उचलून म्हातारीनं दाखवलेल्या जागेकडं गेले. तिसऱ्या दिवशी राजनंदिनीचं खोरं ठणकन वाजलं. सगळ्यांनी हातांनी गाळ उकरला. काळा, हातभर रुंद दगड, माथ्यावर तीन दिशांना तीन कोरलेल्या रेघा. पोरींनी आरडाओरडा केला, मोबाइल काढले. मामांनी रुमालानं रेघांतली माती पुसली आणि दगडावर तळहात ठेवून बराच वेळ तसेच राहिले. जुना ओळखीचा माणूस भेटल्यावर त्याचा हात सोडू नये, तसे.

आणि तेव्हाच त्यांच्या मनात घर बांधल्यापासून टोचत असलेला काटा आणखी आत गेला.

कारण त्या दगडावरून निघणारी एक रेघ सरळ त्यांच्या घराकडं जात होती. गवंड्यानं ओट्याचा पाया आखताना विचारलं होतं, "मामा, हद्द कुठवर?" मामांना हद्द पायानं माहीत होती. गावठाणाची जागा भिंतीपाशी संपत होती, पुढं गायरान. मामा म्हणाले होते, "आख तू." नऊ फूट. एकतीस वर्षांत दुसऱ्याच्या बांधावर बोटभर साखळी न सरकवलेल्या माणसानं स्वतःच्या दारात नऊ फूट सरकवली होती.

प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. गोपाळ सरांनी ठराव वाचला: गायरानाची सरकारी मोजणी व्हावी, तळ्याचा माळ मोकळा राहावा. मामांना दगडाबद्दल सांगायला उभं केलं. ते चांगलं बोलले. गुरांच्या वाटेबद्दल बोलले, पोरींच्या पळण्याबद्दल बोलले. बोलता बोलता म्हणाले, "दुसऱ्याच्या जमिनीत खांब रोवायचा तर माणसाला जरा लाज पाहिजे."

तेव्हा बन्सीधर उठला. तो मागच्या ओळीत खुर्चीवर बसला होता. प्लॉटवाल्या मंडळींनी रोवलेल्या खांबांशी त्याचा काही संबंध नव्हता, पण दीड महिना गाव त्याच्याकडं चोरासारखं बघत होतं, आणि हे शेवटचं वाक्य त्याला लागलं.

"नागनाथ, लाजंचं तू मला सांगायलास?" तो खुर्चीची पाठ धरून म्हणाला. "तुझ्या ओट्याखाली कुणाची जमीन हाय, ते सांग की सभेला. मला ठाऊक न्हाई व्हय? ल्हानपणापासून तिथं गोट्या खेळलोत आपण."

मुली पहिल्या ओळीत बसल्या होत्या. प्रियांकानं मामांकडं बघितलं. तिला वाटलं मामा आता झटकन खोडून काढतील.

मामांनी चष्मा काढला. "नऊ फूट," ते म्हणाले. "गायरानाची. मीच मोजलीय. मोजणीवाले यायच्या आत काढतो." आणि ते खाली बसले.

ठराव झाला. हात वर झाले तेव्हा बन्सीधरचाही हात वर होता.

सुलाबाई बायांच्या बाजूला बसल्या होत्या. घरी येईपर्यंत त्या चार पावलं पुढं चालत राहिल्या. दारात पोचल्यावर ओट्यावर न चढता खालीच थांबल्या.

"बांधतानाच ठाऊक होतं?"

"हां."

"मी इचारलं होतं तुमाला. इथंच उभी राहून. हद्दीत हाय न्हवं? तुमी म्हणलात, हाय."

"तुला पाणी दिसावं म्हणून..."

"माझं नाव नका घालू मधी!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की वळचणीची चिमणी उडाली. "मी सांगितलं असतं, खिडकी करा मोठी. मी दारात पोतं टाकून बसले असते. हातभर न सरकणारा माणूस म्हणून गावभर मिरवत होते मी. लोक मनात हसत असतील. मला खोटं पाडलंत तुमी."

सुलाबाईंनी चहा केला, भाकरी केली, ताट वाढलं. बोलल्या मात्र नाहीत. सुकेशनीचा परभणीहून फोन आला तर म्हणाल्या, "तुझ्या बाबालाच इचार," आणि फोन त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मामांनी पहार घेतली. साठी उलटलेला माणूस, एकटाच. मुली धावत आल्या तर त्यांनी हात जोडले. "तुमी पळायला जावा. ह्ये माझं हाय." पहिल्या दिवशी चार फरशा निघाल्या, त्यातल्या तीन फुटल्या. दुसऱ्या दिवशी पाच. लोक येता-जाता बघत. कुणी टोमणा मारला नाही, ते मामांना टोमण्यापेक्षा जड गेलं. संध्याकाळी हाताला आलेले फोड ते लपवायला बघत, पण भाकरी मोडताना ते दिसायचेच.

तिसऱ्या दिवशी सुलाबाई कमरेला पदर खोचून बाहेर आल्या. "अशी उचकटत्यात व्हय फरशी? फुटायल्या की सगळ्या. खालून माती काढा आधी." त्यांनी खुरपं घेतलं, फरशीच्या कडेनं माती मोकळी केली आणि दुसरं टोक धरलं. तीन दिवस झाल्यावर बोललेलं हे पहिलं वाक्य. मामांनी नुसतं "हां" म्हटलं आणि आपलं टोक उचललं. दोघांनी मिळून उरलेल्या फरशा एकही न फोडता भिंतीशी उभ्या रचल्या.

मार्चमध्ये मोजणी आली. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांना वाटलं होतं, टेबल येईल, साखळी येईल, निदान फीत तरी. आली ती पाठीवर सॅक अडकवलेली अर्पिता मॅडम, पंचविशीची भूकरमापक, आणि हातात एक काठी, काठीवर पांढरं, उलट्या वाटीसारखं यंत्र.

"ह्येच?" मामा म्हणाले.

"हेच. उपग्रहावरून जागा कळते, काका. साखळी आता कुणी वापरत नाही."

मामा तिच्या मागं मागं दिवसभर फिरले. तीन शिवांचा दगड बघून अर्पिता मॅडम खूश झाल्या. जुन्या नकाशाशी तो बोटाबोटानं जुळला. दुपारी त्यांनी विचारलं, "तुम्ही खात्यातले ना? धरता काय काठी? या काचेतला बुडबुडा मधोमध राहिला पाहिजे." मामांनी दोन्ही हातांनी काठी धरली. बुडबुडा मधोमध आला आणि तिथंच थांबला, तसा त्यांनी श्वाससुद्धा रोखला. यंत्रानं टुणकन आवाज दिला. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं." "काट्यात शिरायचंच न्हाई म्हणा की आता," मामा म्हणाले, आणि त्यांना आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं, हे बाजूला उभ्या असलेल्या गोपाळ सरांना कळलं नाही.

संध्याकाळी खुणा पडल्या. प्लॉटवाल्यांचे खांब गायरानात एका टोकाला छत्तीस मीटर आणि दुसऱ्या टोकाला एकोणपन्नास मीटर आत होते. पोरींनी टाळ्या पिटल्या. पण उत्तरेच्या कोपऱ्यात खूण उलटी पडली. ज्या चिंचेखाली पोळ्याला बैल उभे करायचे, ती मोठी चिंच आणि तिच्या भोवतालचा अर्धा एकर तुकडा गाव आजवर माळाचाच समजत होतं. तो बन्सीधरच्या जमिनीचा निघाला. म्हणजे आता प्लॉटवाल्यांचा. बन्सीधरला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. दगड खरा मानायचा तर दोन्हीकडं खरा मानावा लागणार होता. मामांनी चिंचेच्या खोडाजवळ चुन्याची रेघ स्वतःच्या हातानं मारली. दगडाबाई तोंडावर पदर घेऊन बघत होती.

शेवटी मामांनीच अर्पिता मॅडमना घरी नेलं. "ह्येबी मोजा. ओटा होता हितं."

ओट्याच्या उरलेल्या खुणेवर त्यांनी काठी टेकवली, पडद्यावर बघितलं. "साडेसात फूट होता गायरानात."

"नऊ," मामा म्हणाले.

"साडेसात, काका."

मामा भिंतीपाशी गेले, पावलं टाकायला पाय उचलला आणि मध्येच थांबले. हद्द भिंतीपाशी नव्हतीच. भिंतीच्या पुढं दीड फूट. तेवढा ओटा त्यांचा स्वतःचा, हक्काचा होता. तोही त्यांनी पहारीनं खणून काढला होता.

सुलाबाई दारात उभ्या होत्या. आधी त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग पदर तोंडात धरला. मग राहवलं नाही, त्या दारातच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आवो मॅडम, एकतीस वर्सं लोकांचं मोजलं ह्या माणसानं! घरचंच तेवढं चुकलं, तेबी दोनदा!" अर्पिता मॅडमना आधी काही समजेना, मग त्याही हसल्या. मामा कान लाल करून उभे होते, पण दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले होते.

नोटीस निघाली, सुनावणी झाली, परमेश्वरची मंडळी एकदा वरच्या ऑफिसला जाऊन आली. मे अखेर खांब निघाले. पण सगळेच नाही. अकरा खांब मुळातून मोडून तसेच टाकून दिले होते, ते खड्डेवाल्यांनी बैलगाडीनं ओढून काढले. बन्सीधरच्या जुन्या जमिनीवर प्लॉट पडायचे ते पडलेच. रस्ते आखले गेले, चिंच तोडली गेली. ज्या दिवशी ती तोडली त्या दिवशी मामा माळाकडं फिरकले नाहीत. ग्रामपंचायतीनं हद्दीवर चर खणून कडेनं करंज, कडुनिंब लावायचं ठरवलं, ती रोपं बोरीच्या रोपवाटिकेतून आली. गुरं आत येऊन निम्मी खाऊन गेली. पुन्हा लावली.

जूनमध्ये एका सकाळी मामा नव्यानं ट्रॅक आखत होते. चिंचेकडचं वळण आता आत घ्यावं लागणार होतं. फक्कीची बादली घेऊन वाकलेले असताना समोर धोतर आणि काठी दिसली. बन्सीधर होता. ग्रामसभेनंतर दोघं बोलले नव्हते.

"टेपचं टोक धरू का?" तो म्हणाला.

"गुडघं?"

"धरायला गुडघं कशाला लागत्यात."

त्यानं टोक धरलं. पन्नास मीटर झाल्यावर दोघंही दमून दगडावर बसले. बन्सीधर पाण्याकडं बघत म्हणाला, "सभेत बोललो, ते बोलायला नको होतं."

"खरं होतं की."

"खरं व्हतं, पण घरी यिऊन बोलायला पाहिजे होतं. लय राग आला होता मला. जमीन गेल्याचा आला होता, तुझ्यावर काढला." मग तो म्हणाला, "पुण्याला बोलावायलेत पोरं. चौथ्या मजल्यावर घर हाय. मी म्हणलं, बघू."

"जाऊ नको," मामा म्हणाले. एवढंच. मग दोघं उठले आणि उरलेलं वळण मोजलं.

राजनंदिनी त्या वर्षीच्या भरतीत निघाली. प्रियांका एका गुणानं राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा माळावर हजर होती. तिच्यासोबत आता चौदा मुली पळतात.

गेल्या महिन्यात चारठाण्याकडच्या एका वस्तीवरची चार माणसं मामांचं घर विचारत आली. त्यांच्या पाझर तलावाच्या काठावरही कुणीतरी तार ओढली होती. "आमच्याकडंबी दगड हरवलाय म्हणत्यात मामा," त्यांच्यातली एक बाई म्हणाली. "तुमी आलात तर सापडंल."

"मी कशाला, यंत्र हाय आता," मामा म्हणाले. "अर्ज द्या, मॅडम येतील."

"यंत्र यीलच. पण लोकं भांडायलीत आपसात. कुणी खणायला तयार न्हाई."

मामा मग म्हणाले, "तुमच्या गावात शेळ्या राखणारी म्हातारी माणसं किती हायत?" त्या चौघांनी एकमेकांकडं बघितलं. "त्यांना आधी गोळा करा. मी त्यांच्यापाशी बसंन. दगड त्यांना ठाऊक असतोय."

आतून सुलाबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवीत टेप, पाण्याची बाटली, मामांच्या बीपीच्या गोळ्या आणि भाकरीचं फडकं होतं. पायात चपला घातलेल्या होत्या.

"तू कुठं?" मामांनी विचारलं.

"बाया मला सांगत्यात ते तुमाला सांगायच्या न्हाईत," त्या म्हणाल्या आणि पाहुण्यांच्या जीपकडं चालायला लागल्या. मामांनी दाराला कडी लावली आणि घाईघाईनं त्यांच्या मागं गेले.